बिलाखालचं नाव

फुकट दिलेल्या वस्तूची खरी किंमत दोघांनाच कळते. एक देणाऱ्याला आणि एक चोराला. बाकीचे म्हणतात, फुकट आहे तर हलकीच असणार.

आमच्या संघदीपने दुकानदारांसाठी हिंदीत बिल काढायचा कंपूटरचा प्रोग्राम बनवला आणि इंटरनेटवर ठेवून दिला. कोणीही घ्या, कोणीही वापरा. मी म्हटलं, "अरे बाबा, आपल्या इंदूरच्या सराफ्यात रात्री गाडीवर भुट्ट्याचा कीस तरी कोणी फुकट देतं का?"

तर म्हणे, "आई, याला ओपन सोर्स म्हणतात. प्रोग्राम तर द्यायचाच, पण तो कसा बनवला तेही उघडं ठेवायचं. ज्याला जमेल त्याने सुधारावं."

म्हणजे कीस तर फुकटच, वरून मसाल्यात काय काय टाकलं तेही सांगायचं. मी कपाळाला हात लावला.

त्याचे वडील सुधाकर मिलमध्ये विव्हिंग खात्यात होते. मिलला कुलूप लागलं तेव्हापासून माणूस ओट्यावर बसून पेपर वाचतो आणि दुपारी मिलचा भोंगा व्हायच्या वेळेला अजून घड्याळ बघतो. घर माझ्या शिवणावर आणि संघदीपच्या क्लासवर चालायचं. राजवाड्यामागे एक कंपूटर क्लास आहे, तिथे तो शिकवायचा. आणि रात्रंदिवस हे फुकटचं पुण्य.

एवढं मात्र खरं, की फुकट देण्याघेण्यातलं मला काही कळत नाही असं नाही. आमच्या महिला मंडळाची मोठी पातेली आहेत, कढया आहेत, परातीही आहेत. बुद्धपौर्णिमेला त्यातच खीर होते. वस्तीत कोणाकडे लग्न निघालं की न्यावीत, भाडं नाही. पण अट आहे. कल्हई करून परत आणायची, आणि ज्याने भांडं मंडळाला दिलं त्याचं त्यावरचं नाव घासून काढायचं नाही. कोणी परत केलं नाही तर आम्ही बायका त्याच्या घरी जातो आणि त्याच्या स्वयंपाकघरातलं सगळ्यात मोठं भांडं उचलून आणतो. आमचं आलं की त्याचं देतो. मंडळाची अध्यक्ष मी आहे. नाव बेबी. साठी आली तरी बेबीच, पण हाक मारायची हिंमत सगळ्यांची होत नाही.

नव्याण्णव साल संपत आलं होतं. महूची एक मुलगी सांगून आली, कीर्ती. तीही कंपूटर शिकवते. बाप तुकोजी, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. नेहमी मुलगी म्हटली की संघदीपच्या पोटात दुखायचं. या वेळी स्वतः शर्टाला इस्त्री केली. मी म्हटलं, चला, अक्कल आली.

तुकोजींच्या घरी खुर्च्यासुद्धा परेडला उभ्या असल्यासारख्या ओळीत. जय भीम झाला, चहा झाला. मुलगी लाजत बिजत काही नव्हती. समोर बसली आणि सरळ मुलाला विचारलं, "दोन हजार सालाचं काय करणार आहात?"

संघदीप लाल झाला. मला प्रश्न आवडला. मुलीने पुढचं बघावंच. तो बोलेना म्हणून मीच उत्तर दिलं, "दोन हजारात लग्न करणार आहे, अजून काय करणार!"

मुलगी तोंडावर पदर धरून हसली. का हसली ते मला तेव्हा कळलं नाही.

मग तुकोजी म्हणाले, "मुलगा करतो काय?"

"दुकानांसाठी प्रोग्राम बनवतो," मी म्हटलं.

"विकतो केवढ्याला?"

मी खोटं बोलणार होते. तेवढ्यात आमचा राजा हरिश्चंद्र म्हणाला, "विकत नाही, फुकट देतो."

तुकोजींनी कप खाली ठेवला. "बाई, मी फौजी माणूस. पलटणीत फुकट काम करणाऱ्याला शिक्षा झालेला जवान म्हणतात. मला राजवाड्याच्या बाजारात एक दुकान दाखवा, जिथे याचं काम याच्या नावाने चालतं. मग बोलू. नाहीतर खंडव्याचा रेल्वेतला मुलगा सांगून आलेला आहे."

"एक काय, दहा दाखवते," मी म्हटलं. एक तरी आहे की नाही हे मला माहीत नव्हतं.

नशीब बघा, होतं. दोनच दिवसांनी कपडा बाजारात ब्लाउजपीस घेतला तर शेठजीने कंपूटरवर बिल काढून दिलं. खाली छापलेलं: *फिर आना भिया, घर की दुकान है.* ही ओळ माझी! संघदीपने विचारलं होतं, आई, बिलाच्या शेवटी काय लिहू, तर मीच सांगितली होती. मी वेड्यासारखी हसले. घरी गेलेच नाही, तिथूनच पीसीओवरून तुकोजींना फोन लावला.

ते दुपारच्या बसने आले. मी त्यांना मिरवत दुकानात नेलं. शेठजीने बिल काढलं. तुकोजींनी चष्मा लावून वाचलं, अगदी वॉरंट वाचावं तसं. ओळीखाली लिहिलं होतं: *सुगम बिल. निर्माता: सुगम इन्फोटेक, इंदौर.*

"शेठजी, हे कोणाकडून घेतलं?" मी विचारलं.

"अरे माताजी, पलासिया की कंपनी है. पूरे बाजार ने लिया है. पैसे भी पूरे लिए उन्होंने."

तुकोजींनी बिलाची घडी केली आणि माझ्या हातात दिली. "दुकान आहे, बिल आहे. नाव नाही. पाडव्यापर्यंत थांबतो, बाई. तुमच्या मानासाठी." आणि बस पकडायला गेले.

माझ्या अंगाचा जाळ झाला. घरी जाऊन संघदीपला विचारायला पाहिजे होतं. पण डोळ्यासमोर एकच, पातेलं नेलं आणि नाव घासलं. मी शारदाला बोलावलं, मंडळाच्या अजून दोघी घेतल्या, आणि टेम्पोत बसून पलासिया गाठलं.

काचेचं दार, आत गारेगार. समोर बसलेली पोरगी म्हणाली, "अपॉइंटमेंट है?"

"हमारा बर्तन लेने आए हैं," मी म्हटलं.

"कौन सा बर्तन, आंटी?"

शारदा आत शिरली होती. एका टेबलावर टीव्हीसारखा डबा होता आणि त्यावर तेच बिल दिसत होतं, माझ्या ओळीसकट. म्हणजे माल यातच. आजूबाजूला त्याहून मोठं काही नव्हतं. शारदाने मागची वायर उपटली, आम्ही दोघींनी डबा पदरात घेतला. दारावरच्या चौकीदाराच्या मुलीच्या लग्नात मंडळाचीच कढई गेली होती. तो समोरच्या झाडावर पोपट शोधत राहिला.

मी पोरीला सांगितलं, "मालिक को बोलना, नाम वापस लगाएगा तो डब्बा मिलेगा. जुनी इंदूर, बेबीताई, कोणीही घर दाखवेल."

संध्याकाळी संघदीप आला. पाटावर मांडलेला डबा बघून जागच्या जागी बसला.

"आई, हा मॉनिटर आहे."

"काहीही असू दे. तुझा प्रोग्राम आणला परत."

"यात प्रोग्राम नसतो गं. ही नुसती काच आहे. आणि प्रोग्राम परत आणायचा नसतोच. त्यांनी घेतला म्हणून माझ्याकडचा कमी झाला नाही."

"पण ते विकतायत!"

"विकू देत. विकायला मनाई नाही."

मला वाटलं, याच्या डोक्याला क्लासच्या पंख्याचा वारा लागला. "मग चोरी कशात झाली, तेवढं तरी सांग."

"नाव खोडलं त्यात. आणि घेतलेलं उघडं ठेवलं नाही त्यात. लायसन्समध्ये दोन्ही लिहिलेलं आहे."

"मग मी काय वेगळं बोलले? कल्हई आणि नाव!"

ते त्याला पटलं. पण मॉनिटर परत द्यायला हवा म्हणाला. मी म्हटलं, मागायला येऊ दे आधी.

नवीन वर्ष लागलं आणि पहिल्याच दिवशी आमच्या दारात पांढरी मारुती. आतून रजत उतरला, सुगमचा मालक. कोवळाच मुलगा, टाय लावलेला, हातात नमकीनचा डबा. मला वाटलं, पोलीस आणले असतील. मी पदर खोचला.

"अम्माजी, मॉनिटर आप ही रखिए," त्याने वाकून नमस्कार केला. "संघदीप भाईसाहब हैं क्या?"

झालं असं, की सकाळपासून बाजारातल्या सगळ्या बिलांवर उन्नीस सौ साल छापून येत होतं. मोठा शेठजी फोनवर ओरडला होता, उन्नीस सौ में तो मेरे दादाजी कुंवारे थे! ज्या पोराने कंपनीसाठी प्रोग्राम उतरवला होता, तो केव्हाच बंगळुरूला पळाला होता. बाकी कोणाला आतलं काही कळेना. प्रोग्राम त्यांनी घेतला होता, पण कधी उघडून बघितला नव्हता.

रजतने पाकिटातून कागद काढला. नोकरीचा. पगार बघून मी पाटावरून उठून उभी राहिले. "बस एक शर्त है, भाईसाहब. प्रोग्राम कंपनी के नाम लिख दीजिए, और इंटरनेट से हटा दीजिए."

माझ्यासमोर खंडव्याचा रेल्वेवाला शिट्टी वाजवत उभा राहिला. नोकरी, पगार, मारुतीवाला मालक. तुकोजींना अजून काय हवं?

"सही कर," मी म्हटलं.

"नाही करणार," संघदीप म्हणाला.

"अरे गाढवा, मुलगी जाईल हातची!"

"जाऊ दे. पण माझं काम मी कुलपात घालणार नाही."

मी लाटणं शोधत होते. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. मिल बंद झाल्यापासून सुधाकर घरच्या भानगडीत बोललेले मला आठवत नाही.

"बेबी, राहू दे. लूम मालकाचा होता म्हणून त्याने कुलूप लावलं आणि आम्ही फाटकाबाहेर राहिलो. काम सगळं हातात होतं, पण हात घालायला जागा नव्हती. याचा लूम याच्याकडे राहू दे."

आणि परत पेपर उघडला. मी लाटणं शोधायचं सोडून दिलं. हे फार क्वचित होतं, म्हणून सांगितलं.

संघदीप रजतला म्हणाला, "दुरुस्त केलेला प्रोग्राम महिन्याभरापासून नेटवर आहे. फुकट आहे, घेऊन जा. अट जुनीच. आहे तसा उघडा ठेवायचा, नावं खोडायची नाहीत."

"लेकिन भाईसाहब, दुकानों में लगाएगा कौन?"

"मैं लगाऊँगा. हर दुकान में, हर महीने देखूँगा भी. उसका पैसा लगेगा."

पोटच्या पोराच्या तोंडून पैशाचा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पण त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मला राहवलं नाही. मी मध्ये पडले आणि पगाराच्या कागदावरचाच आकडा धरून बसले. रजतच्या खिशातला फोन सारखा वाजत होता, सगळे शेठजीच. तो लवकर कबूल झाला. मॉनिटर ठेवून घ्या म्हणाला होता, तरी जाताना तो मी स्वतः त्याच्या मारुतीत ठेवला. आमचा हिशोब पूर्ण झाला होता.

आठवड्याने मी तुकोजींना परत राजवाड्यात बोलावलं. दुकानात गर्दी होती. शेठजीने ऐटीत बिल काढलं, प्रिंटर करकरला. तुकोजींनी चष्मा लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी भुवया वर गेल्या. मग मिशा खाली आल्या.

"हे काय आहे?"

मी बिल घेतलं. माझी ओळ होती, सालही बरोबर होतं. खाली छापलं होतं: *बनाया: संघदीप, इंदौर. सुधारा: कीर्ती तुकोजी, महू.*

"माझ्या मुलीचं नाव? याच्या नावाखाली?"

शेठजी गल्ल्यावरून म्हणाले, "बहूरानी हैं क्या? अच्छा है, दोनों मिलके काम करते हैं."

"हे किती दुकानांत छापतात?" तुकोजींचा आवाज चिरकला.

"पूरे बाजार में, भिया!"

तेव्हा मी एका हवालदाराला घाबरलेलं बघितलं. पायरी उतरणाऱ्या बाईच्या पिशवीतून ते बिल ओढायला लागले. ती ओरडली. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल आधीच रस्त्यावर पोचलं होतं. राजवाड्याच्या गर्दीत महूची मुलगी आणि इंदूरचा मुलगा एकाखाली एक, साडीच्या बॉक्ससकट घरोघरी निघाले होते. मी तुकोजींना हाताला धरून बसवलं, शेठजीकडून पाणी मागवलं.

त्याच संध्याकाळी आम्ही महूला. कीर्तीने सगळं आपणहून सांगितलं. प्रोग्राम तिला नेटवर सापडला होता. दोन हजार साल लागलं की उन्नीस सौ छापायची चूक तिनेच पकडली होती, संघदीपला ईमेल करून कळवली होती, आणि मग दोघांनी मिळून दुरुस्त केली होती. पहिल्या दिवशी ती त्याला हेच विचारत होती, आणि मी तिला लग्नाची तारीख दिली होती.

"नाव काढून टाका," तुकोजी संघदीपला म्हणाले.

"काढता येत नाही, काका. तशी अट आहे."

"अट कोणी घातली?"

"मीच."

तुकोजी उठले, खुर्च्यांच्या ओळीभोवती एक फेरी मारली, आणि माझ्यासमोर येऊन थांबले. "बाई, सगळ्या बाजारात बोभाटा झालाय. आता उशीर नको. याच महिन्यात उरकून टाकू."

संघदीपने माझ्याकडे बघितलं. कीर्तीने बघितलं. मला खंडव्याचा रेल्वेवाला आठवला, आणि परत केलेली ती बिलाची घडी आठवली.

"विचार करून कळवते," मी म्हटलं.

"विचार? आता कसला विचार?"

"मुलाकडचे आहोत आम्ही, तुकोजी. एवढा तरी मान असतो." मी बशीत चहा ओतला आणि सावकाश फुंकर घातली. पोरगी परत तोंड लपवून हसत होती. या वेळी मला कळलं, का. अर्ध्या कपापर्यंत मी त्यांना तसंच उभं ठेवलं, आणि मग हो म्हटलं.