हॅटला शिवलेला कावळा

बहात्तर साली पावसानं सलग तिसऱ्यांदा पाठ फिरवली, तेव्हा सोनईत रेनकोट घालून फिरणारा माणूस एकच होता. तो आमचा हीरो होता.

त्याचं नाव कानिफनाथ. धंद्यानं टेलर. रेनकोट लष्कराच्या जुन्या मालातला, नगरहून आणलेला, आत अजून एक माणूस मावेल एवढा ढगळ. वर काळी हॅट. रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया त्याला पाहून हातोडी थांबवायच्या आणि विचारायच्या, कुठं पडतोय? कानिफ काही बोलायचा नाही. मुळात तो बोलतच नसे, आणि हीरो गूढ दिसला पाहिजे असं दिलावरनं बजावलं होतं. त्यामुळे त्याला वेगळा अभिनय करावा लागला नाही.

दिलावर आमचा डायरेक्टर. नगरला त्याचा फोटो स्टुडिओ. इतकी वर्षं लग्नातले फोटो काढून त्याला हसऱ्या माणसांचा वीट आला होता, म्हणून ज्यात कुणीच हसत नाही असा पिक्चर त्याला काढायचा होता. पिक्चरचं नाव ‘विहिरीत कोण?’. गावच्या विहिरीचं पाणी एका रात्रीत नाहीसं होतं. त्यामागे सात प्रतिष्ठितांचा कट असतो. रेनकोटवाला माणूस तपासाला येतो, एका बाईच्या नादी लागतो आणि शेवटी तीच त्याला विहिरीत ढकलते. पाणी नेलं कुठं, हे ठरलं नव्हतं. मी विचारलं, तर दिलावर म्हणाला, सगळं सांगून टाकलं तर प्रेक्षकानं घरी जाऊन काय करायचं?

कॅमेरा चावीचा होता. फिल्म म्हणजे दुसऱ्यांच्या शूटिंगमधून उरलेले तुकडे, तेही काळेपांढरे. रात्रीचे प्रसंग आम्ही भर उन्हात काढायचो, भिंगापुढं लाल काच धरून. दिलावरला तोंडावर पट्ट्यापट्ट्यांची सावली पाहिजे होती, तसल्या खिडक्या सोनईत नव्हत्या. मग काथ्याची बाज उभी करून तिच्यामागून उजेड सोडायचो. बाज धरायचं काम माझं. सात कटवाल्यांतले चौघे खडी फोडायला जायचे, म्हणून उरलेले तिघेच पाठमोरे होऊन, टोप्या बदलून, आलटून पालटून कट करायचे.

हीरोइनचं काही जमेना. परपुरुषाला विहिरीत ढकलायला गावातली एकही बाई तयार होईना. स्वतःच्या नवऱ्याला ढकलायला मात्र बऱ्याच जणी तयार होत्या. म्हणून कानिफची बायको मुक्ताबाई हीरोइन झाली.

पहिल्याच प्रसंगात घोळ झाला. म्हणजे प्रसंग फार चांगला झाला. बाजेची सावली तोंडावर घेऊन कानिफनं तिच्याकडं पाहिलं आणि दिलावरनं पाठ करून घेतलेलं वाक्य म्हटलं, “तू नसलीस की गावात दिवे लागले तरी मला दिसत नाहीत.” मुक्तावहिनी अभिनय विसरून त्याच्याकडं बघत राहिली. दिलावर खूश. त्या संध्याकाळी ती घरी भाकरी करत वाट बघत बसली, की दुसरं वाक्य येईल. कानिफ जेवला, ढेकर दिला आणि झोपला. असं चार दिवस झालं. पाचव्या दिवशी तिनं सासूला सांगितलं, “आत्याबाई, ह्यास्नी कॅमेऱ्यापुढंच बोलता येतं. तर कॅमेऱ्यालाच म्हनावं भाकरी थाप.” आणि पिशवी घेऊन संगमनेरपलीकडं, अकोल्याकडं माहेरी निघून गेली.

पिक्चर बंद पडला. पोळा झाला, दसरा झाला, ती आली नाही. कानिफ अधूनमधून रेनकोट घालून एस्टी स्टँडवर जायचा, अकोल्याची दिशा बघायचा आणि परत यायचा. आणायला जाऊन बायकोपुढं बोलायचं काय, हा प्रश्न होता. तो दुःखात आहे हे कुणाला कळलं नाही, कारण सुखातही तो असाच दिसायचा.

मग कावळा आला.

दिलावर असाच वेळ घालवायला ‘हीरो वाट बघतो’ असा तुकडा घेत होता. कानिफ लिंबाखाली उभा. वरून एक कावळा उतरला, हॅटवर दोन्ही पाय टेकवले, जरा विचार केला आणि उडून गेला. कानिफची आई छबूबाई चहा घेऊन आली होती. तिच्या हातातली किटली खाली पडली.

कावळा डोक्याला शिवला म्हणजे त्या माणसाचं मरण जवळ आलं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. त्यावरचा उताराही सगळ्यांना ठाऊक. तो माणूस मेला अशी खोटी बातमी जवळच्या नातेवाइकाला पाठवायची. त्यानं खरं समजून रडायचं. रडणं झालं की मरण झालं असं धरतात, आणि माणूस मोकळा होतो.

दिलावर म्हणाला, मावशी, डोक्याला कुठं, हॅटला शिवला. यावर पारावर बराच काथ्याकूट झाला. छबूबाईनं एकच विचारलं, हॅट डोक्यावर हुती का न्हाई? होती. मग निकाल लागला. हॅट हे डोकंच.

आता रडवायचं कुणाला? कानिफचे सगळे नातेवाईक सोनईतच आणि सगळे पारावर हजर. बातमी माहीत नसलेलं जवळचं माणूस एकच उरत होतं. सगळ्यांना ते एकदमच सुचलं आणि कुणीच नाव घेतलं नाही. छबूबाईला पोरगा वाचवायचा होता, दिलावरला हीरोइन परत हवी होती. पिक्चरमध्ये सात जणांना जमला नाही असा कट गावानं घटकाभरात रचला. निरोप्या म्हणून मला निवडलं. कारण दिलावरनं सांगितलं. म्हणाला, गोरक्ष, तुझं तोंड बारशालाही मयताला आल्यासारखं असतं.

स्टँडवर कानिफ मला सोडायला आला. रेनकोट नव्हता, हॅटही नव्हती. गाडी सुरू झाली तरी खिडकीचा गज सोडेना.

“गोरख्या, ती रडंल का रे?”

रडतील की, मी म्हणालो.

“आन् न्हाई रडली तर?” त्यानं गज सोडला. “तर मग कावळ्याचंच बरोबर हाय.”

राहुरी, संगमनेर असं करत मी अकोल्याला पोचलो आणि तिथून जीपनं त्यांच्या डोंगरातल्या गावी. तिकडं खाचरात थोडंफार भात तरी उभं होतं. मुक्तावहिनी अंगणात तांदूळ पाखडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, वहिनी, कानिफदादा गेले.

सूप तिच्या हातात तसंच राहिलं. डोळे भरत चालले आहेत असं मला वाटलं आणि मी मनातल्या मनात म्हणालो, सुटलो. तेवढ्यात तिनं विचारलं, “कशानं?”

अख्ख्या गावानं मिळून केलेल्या कटात हे कुणीच ठरवलं नव्हतं. माझ्या डोक्यात पिक्चर सोडून दुसरं काही येईना. मी म्हणालो, विहिरीत पडून.

“सोनईत हिरीला पानी हाय?”

“नाही ना वहिनी,” मी म्हणालो. “म्हणून तर गेले.”

ती माझ्याकडं बघत राहिली. माझं तोंड मयताचंच होतं, त्याला दुसरं येतच नाही. सूप खाली ठेवून ती आत गेली आणि पिशवी भरून बाहेर आली. घरात कुणाला काय सांगितलं ते कळलं नाही, पण भावानं मला गूळपाणी दिलं. मयताचा निरोप आणणाऱ्याला गूळ देतात असं मी कधी ऐकलं नव्हतं.

येताना गाडीत तिचा एक थेंबही पडला नाही. मी सारखा तिच्या डोळ्यांकडं बघत होतो, कारण पाणी पडताना बघून साक्ष द्यायचं काम माझ्यावरच होतं. एका म्हातारीला ते आवडलं नाही. तिनं मला कोपर मारून विचारलं, दुसऱ्याच्या बायकूकडं काय बघतूस? मी म्हणालो, ह्यांचे मालक वारले. म्हातारी म्हणाली, तवाच बघायलास व्हय. पुढचा प्रवास मी उभ्यानं केला. खरं सांगून टाकावं असं मला दोनदा वाटलं. पण रडायच्या आधी सांगितलं तर उतारा फुकट जाणार, आणि मग कानिफचं काय झालं असतं ते मला माहीत नव्हतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण माणूसही एकच होता.

दिवेलागणीला आम्ही घरी पोचलो. दारातच छबूबाईनं टाहो फोडला. मुलाचे गुण सांगत रडायचं असतं. कानिफचे गुण लवकर संपले, म्हणून तिनं त्याच्या वडलांचे घेतले. मागच्या भिंतीला बाज उभी होती आणि तिच्या आड कानिफ होता. खिडकीत दिलावर होता, कॅमेऱ्याला चावी भरून. काय करणार, असा खरा शोक त्याला परत फुकट कोण देणार होतं?

मुक्तावहिनी जमिनीवर बसली. मी तिला पाणी दिलं. ती सावकाश प्यायली आणि तांब्या बाजूला ठेवला.

“आत्याबाई, बास करा. घसा सुकंल,” ती म्हणाली. “कावळा कवा शिवला?”

छबूबाईचा सूर मधेच तुटला. मग तिनं खालच्या आवाजात सांगितलं, मंगळवारी.

“आमच्याकडंबी कावळे हाईत,” मुक्तावहिनी म्हणाली. मग बाजेकडं तोंड करून, जरा मोठ्यानं, “भावजींनी सांगितलं तवा काळजाचं पानी झालं माझ्या. हिरीचं आयकलं आन् कळलं. तवापासनं रडू धरून ठिवलंय. संगमनेरला सुटतच हुतं, पदर चावला.”

बाजेमागं हालचाल झाली.

छबूबाई हात जोडून म्हणाली, मग सोड की गं बाई, रड, तुझ्या पाया पडते, माझा एकच हाय.

“रडनार हाय आत्याबाई. पन आधी त्यांनी बोलायचं. कॅमेऱ्यापुढं बोलले तसं न्हाई, घरात बोलतात तसं. मग रडते.”

आम्ही इतके दिवस जी थंड काळजाची बाई शोधत होतो ती आत्ता समोर बसली होती, आणि हीरोचा जीव खरंच तिच्या हातात होता. दिलावरनं खिडकीतून माझ्याकडं बघितलं. त्याला काय वाटत होतं ते मला कळलं.

कानिफ बाहेर आला. चार दिवसांची दाढी, हातांना जागा सापडत नव्हती. तो उभा राहिला आणि सवयीनं त्याची नजर खिडकीकडं गेली. भिंग दिसल्यावर त्याचा चेहरा जरा सुटा झाला, ओठ हलायला लागले.

“तिकडं न्हाई,” ती म्हणाली. “हिकडं.”

दिलावरनं खिशातला रुमाल काढला आणि भिंगावर टाकला.

कानिफ तिच्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, “शेळी आटली.”

तिनं तांब्या आणखी बाजूला सरकवला.

“मशीनचा पट्टा तुटला हुता. नवा टाकला.”

“ह्या बातम्या झाल्या,” ती म्हणाली.

छबूबाईनं तोंडात पदर कोंबला. माझ्या मनात आलं, हा आता मरतो. कानिफनं मान खाली घातली आणि जमिनीवर बोटानं सरळ रेघ ओढली, कापडावर खडूनं ओढतात तशी.

“शिवन झाली का मी मान वर करतो,” तो रेघेलाच सांगत होता. “कशासाठी, तर, बघ गं शिवन सरळ हाय का, म्हनून इचारायला. तू हुतीस तवा कधी इचारलं न्हाई. तू आपली तिथं दानं निवडत असायचीस, आन् मला वाटायचं, हाय की, इचारू कवाबी. आता रोज मान वर करतो. कापड पुढं धरतो. आन् तसंच धरून बसतो. परवा पाटलाच्या पोराची चड्डी धरून बसलो हुतो, ते पोरगं घाबरून पळालं.”

तिच्या गळ्यातून एक आवाज आला. ते हसू होतं की काय ते कळायच्या आत तिचे खांदे हलायला लागले, आणि अकोल्यापासून धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही ती विसरली. छबूबाई गुडघ्यांवर सरकत पुढं आली आणि कंदील खाली धरून बघायला लागली. थेंब भुईवर पडावा लागतो, म्हणाली, पदरात पडलेला धरत न्हाईत. पडला होता. तिनं मला बोलावून दाखवला, मी साक्ष दिली.

“टळलं गं बाई, टळलं,” असं म्हणत ती तिथंच बसून राहिली.

मुक्तावहिनीनं अखेर डोळे पुसले. पिशवीतून माहेरच्या तांदळाचं गाठोडं काढलं आणि चुलीकडं जायला उठली.

“झालं आता,” ती म्हणाली. “वाचलात. भात टाकते.”

कानिफ अजून उकिडवाच होता. त्यानं तिच्या लुगड्याचा काठ धरला.

“थांब,” तो म्हणाला. “आजून हाय.”