पडद्यामागचा म्हातारा

व्यंगचित्रकाराला सगळे रेघोट्या म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. चित्र पुरं झालं की खालच्या ओळीवर तळहात ठेवून ते एकाच माणसाला दाखवायचं, ही त्याची जुनी खोड. ओळ न वाचता कळलं तरच चित्र वर्तमानपत्राकडे जाई. तो माणूस म्हणजे खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर, त्याचा जिवाभावाचा मित्र. डॉक्टर ज्यू होता. पण दोघांच्या गप्पांत त्यापेक्षा गुडघेदुखीचाच विषय जास्त निघायचा.

त्या दिवशी बातम्यांत इस्रायलच्या बाँबहल्ल्यात मेलेल्या मुलांचे फोटो होते. रेघोट्या भरल्या ताटावरून उठला. त्यानं एका बैठकीत चित्र काढलं आणि रागाच्या भरात आधी संपादकाला पाठवलं. मग दवाखान्यात आला.

"सांग, कोण?"

चित्रात पडद्याआड एक म्हातारा बसला होता. गळासारखं बाकदार नाक, जाड ओठ, मांडीवर नाण्यांची थैली. त्याच्या बोटांना दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांच्या टोकाला जगभरचे पुढारी नाचत होते. पायाशी मुलांची प्रेतं.

डॉक्टरनं हातमोजे काढले. बराच वेळ बघितलं.

"मी," तो म्हणाला.

रेघोट्या हसला. डॉक्टर हसला नाही.

"अरे, इस्रायलचा संरक्षणमंत्री आहे तो!"

"मंत्र्याचा चेहरा कुठेय ह्यात? त्यानं सही केलेला हुकूम कुठेय? त्याला काढ, नागवा काढ, मी दात काढून हसेन. पण हे नाक कुणाचं? इतकी वर्षं माझं तोंड बघतोयस, माझं नाक बघ."

डॉक्टरचं नाक चांगलं बसकं होतं. रेघोट्यानं ते जणू पहिल्यांदाच पाहिलं. आपण असं बाकदार नाक कधी, कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं, हे त्याला काही केल्या आठवेना. चित्र काढताना हात मात्र न अडखळता चालला होता.

तरी माघार घेईल तो रेघोट्या कसला! त्याचं पित्त खवळलं. "मग मेलेल्या मुलांबद्दल बोलायचंच नाही? तोंड उघडलं की आम्ही ज्यूद्वेष्टे!"

"बोल की. मीही बोलतोच आहे. माझा भाऊ तिथे राहतो, ह्या युद्धावरून आमचं बोलणं बंद आहे. मुलं मारणाऱ्याची मानगूट पकड, मी तुझ्या बाजूनं आहे. तू माझ्या आज्याला पकडलंस. असली चित्रं भिंतींवर लावून त्याची अख्खी गल्ली छळछावणीत उचलून नेली होती. तो एकटा परत आला."

डॉक्टरचा आवाज चढला नव्हता. रेघोट्याला तो चढला असता तर बरं वाटलं असतं.

"पाठवलं नाहीस ना अजून?"

रेघोट्यानं मान खाली घातली.

"माझी पोरगी उद्या कॉलेजात जाईल," डॉक्टर म्हणाला. "तिथे फलकावर हे लागलेलं असेल. तुझं चित्र रोज लावतात ती पोरं."

रेघोट्यानं तिथूनच संपादकाला फोन लावला. संपादक खूश होता. ऑफिसात सगळ्यांना आवडलंय, म्हणाला. रेघोट्यानं हुज्जत घातली, शिव्या खाल्ल्या, शेवटी हातापाया पडला. तासाभरात दुसरं चित्र द्यायच्या बोलीवर पहिलं मागं घेतलं गेलं.

दुसरं त्यानं पेशंटच्या बाकावर बसून काढलं. टेबलावर नकाशा, आणि त्याच्यावरची धूळ फुंकणारा मंत्री, अगदी हुबेहूब. धुळीचा कण न् कण म्हणजे एकेक माणूस.

"नीच आहे लेकाचा," डॉक्टर म्हणाला. "हे छाप."

रेघोट्याला हायसं वाटलं. चित्र पाठवून तो उठला, तेवढ्यात डॉक्टरनं विचारलं, "ते पहिलं काढताना मी आठवलो होतो का रे?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी खोटं बोलले नव्हते.

"आठवलास," रेघोट्या म्हणाला. "मनात म्हटलं, बाकीचे ज्यू असतील तसे, तू काही त्यांच्यातला नाहीस."

डॉक्टर बेसिनपाशी गेला. हात धुतले, पुसले, नवे हातमोजे चढवले.

"मी त्यांच्यातलाच आहे," तो म्हणाला, आणि दार उघडून त्यानं पुढच्या पेशंटला आत बोलावलं.