मो काकांच्या घड्याळातले तीन सेकंद

मो थिन-याउ काका दुकानात आले तेव्हा माझ्या टेबलावर तीन घड्याळं उघडी पडली होती. काकांनी सत्तरी ओलांडलेली, पण खांदे अजून वल्हं मारणाऱ्याचे.

"काय सुंदरी, बटण अडकतंय बघ," म्हणत त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. ग्वांगचौच्या घड्याळबाजारात साठीच्या बाईलाही सुंदरीच म्हणतात. मी तर बावन्नचीच.

घड्याळ स्टॉपवॉचवालं होतं, बड्या स्विस मालाची नक्कल.

"काका, हे कॉपी आहे."

"मला सांगतेस! असली घ्यायला मी काय बँकेचा मालक आहे? नाव खोटं असू दे. वेळ तरी खरी दाखवतं ना?"

मी भिंग डोळ्याला लावलं, मागचं झाकण काढलं आणि माझा हात थांबला. आत एका स्क्रूशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका होता, टाचणीच्या टोकाने दिलेला. तो माझा होता.

बारा वर्षांपूर्वी मी शहराबाहेरच्या एका कारखान्यात घड्याळांच्या आतली हीच मशीनं जोडायची. रोज साठ. कुणी किती केली यावरून भांडण नको म्हणून प्रत्येक बाई आपली खूण करायची. या मशीनचा छोटा सेकंदकाटा मुळात डावीकडे असतो. ज्याची नक्कल करायची त्यात तो खाली होता. म्हणून मध्ये जादा चाकं घुसवायची. पातळ, कोरडी चाकं. स्टॉपवॉच सुरू केलं की त्यांचा भार सगळ्या मशीनवर येतो. तेलाचे चार थेंब द्यायला वेळ लागायचा आणि मुकादम म्हणायचा, "चालतंय ना? मग पुढचं घे." मी पुढचं घ्यायची.

"काका, यावर काय मोजता तुम्ही?"

"होड्या. सणाच्या शर्यतीला गावची एकच ड्रॅगन होडी जाते. आमची खाडी अरुंद, म्हणून एकेक होडी सोडून मी वेळ घेतो. परवा निवड झाली. पश्चिम गल्लीची होडी दोन सेकंदांनी पुढे." ते थोडे थांबले. "पूर्व गल्लीच्या होडीवर वल्ह्यांना ठेका द्यायला ढोल माझा धाकटा भाऊ वाजवतो, थिन-सिंग. तरी वगळली. गावाने पाठ थोपटली माझी. तो मात्र तेव्हापासून जेवायला येत नाही."

मी मोबाइल शेजारी ठेवला आणि दोन्हीकडे एकदम वेळ लावली. पहिल्या तीन वेळा घड्याळ बरोबर निघालं. चौथ्यांदा काटा मध्येच अडखळला, थरथरला, पुन्हा चालू लागला. अडीच मिनिटांत तीन सेकंद कमी.

काका वाकून बघत होते. "पुन्हा लाव."

सहाव्यांदा पुन्हा तेच झालं.

"म्हणजे पश्चिमवाल्यांच्या वेळीही हे थांबलं असेल?"

"असेल किंवा नसेल. आता कुणालाच सांगता येणार नाही." मग मी तेही बोलून टाकलं. "काका, हे मशीन मी जोडलंय."

त्यांनी उघडं घड्याळ उचलून आत बघितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"रविवारी गावात ये," ते म्हणाले. "हे तू सगळ्यांसमोर सांग. मी सांगितलं तर म्हणतील, भावासाठी निमित्त शोधलं."

मी गेले. कुळाच्या देवळापुढे चाळीसेक माणसं उभी होती. मी सांगायला सुरुवात करताच पश्चिमवाल्यांतला एकजण हसला. "म्हातारबा, बाई भाड्याने आणली का?"

मी घड्याळ टेबलावर उघडलं. लाल ठिपका दाखवला, जादा चाकं दाखवली, मोबाइल लावला. दुसऱ्याच फेरीत काटा अडखळला. हसणारा वाकून बघू लागला. थिन-सिंग मागे ढोलाला टेकून उभा होता, तो पुढे आला, घड्याळात डोकावला आणि भावाकडे न बघता म्हणाला, "होड्या काढा."

या वेळी दोन मोबाइलांवर दोन वेगळ्या माणसांनी वेळ घेतली. पूर्वेची होडी हरली. एका सेकंदाने.

थिन-सिंग चिंब भिजून काठावर आला. मला वाटलं, आता हा ढोलाची काठी फेकून मारणार. त्याने ती पंच्यात गुंडाळली आणि काकांशेजारी पायरीवर बसला.

"हरलोच की रे," तो म्हणाला.

"हो."

"मग पहिल्यांदाच मोबाइलवर मोजायचं ना, गाढवा. आठ दिवस एकटा बसून शेवया खाल्ल्या मी."

काका हसले, मग त्यांनी तोंड फिरवलं. दोघं जेवणाच्या पंगतीकडे निघाले तेव्हा थिन-सिंगने मलाही हाक मारली. मोठ्या टेबलावर भाजलेलं बदक आणि उकडलेली मासळी होती. कुणी मला टाकून बोललं नाही, पण माझं लक्ष प्रत्येकाच्या मनगटाकडे जात होतं. कारखान्यातली तीन वर्षं, रोज साठ मशीनं. ती सगळी कुणाच्या ना कुणाच्या मनगटावर असणार.

काकांचं घड्याळ मी साफ केलं, तेल दिलं. ती चाकं काढता येत नाहीत, म्हणून सांगितलं, "वेळ बघा, बटण दाबू नका."

आता कुणीही असं घड्याळ घेऊन आलं की झाकण उघडण्याआधी मी विचारते, "यावर काय मोजता?" बहुतेक जण हसतात. कुणी म्हणतं, काहीच नाही, नुसतं दिसायला. कुणी अंडी उकडतं. मागच्या महिन्यात एक बाई म्हणाली, आईच्या नाडीचे ठोके.

मी तिच्या हातातलं घड्याळ घेतलं आणि माझं साधं, सेलवर चालणारं तिच्या हातावर बांधलं. "हे ने," म्हटलं. "ते नंतर बघू."