तिरपं हेड

"अर्धा आवाज तिकडच्या कॅसेटीत जाईन, मंग माह्या कॅसेटीत काय राहीन?" यशवंतरावांनी उपरण्यात गुंडाळलेली कॅसेट मांडीवर घट्ट धरली.

"जात नाई जी. दिव्यानं दिवा लावला तं पयला इझते काय?" हिरामण थकून म्हणाला. हे त्यानं आजवर किती वेळा सांगितलं होतं कोण जाणे.

पांढुर्ण्याच्या बसस्टँडमागं त्याचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. भजनं, मंगलाष्टका, भुलाबाईची गाणी, येईल ते तो टेप करी. त्याच्या मशीनचं हेड, म्हणजे पट्टीवर आवाज भरणारा आणि वाचणारा तुकडा, कधीतरी किंचित तिरपं झालं होतं. त्यावर भरलेली कॅसेट त्याच मशीनवर स्वच्छ वाजे, दुसरीकडे लावली की आवाज दबलेला. गिऱ्हाइकं नव्या दुकानाकडे वळली ती त्यामुळेच. हेड बदलणं काही मोठं काम नव्हतं, पण बदललं की जुन्या कॅसेटी इथंही दबक्याच वाजल्या असत्या.

इतरांना त्याचं काही नव्हतं. होतं ते बोरगावच्या यशवंतरावांना. त्यांच्या बायकोनं, कलाबाईनं, मरायच्या आदल्या वर्षी याच दुकानात भुलाबाईची गाणी म्हटली होती. दर बाजाराच्या दिवशी ते बसनं येत, मशीनसमोरच्या दुसऱ्या खुर्चीत बसून गाणी ऐकत, हिरामणबरोबर चहा घेत आणि संत्र्याच्या बहाराबद्दल कुरकुरत. "घरच्या टेपवर तोंडावर पदर घेऊन गाऊन राहिली वाटते," असं म्हणत.

हिरामणची बायको सरला मात्र पार वैतागली होती. "दुसऱ्याच्या बायकोच्या आवाजापायी सोताचं दुकान बुडवून राहिले तुमी! नवरात्राचं काम बी गेलं तं काय कॅसेटी खासान?"

म्हणून नागपूरहून नवं हेड आलं होतं आणि नक्कल भरायला सौंसरच्या ओळखीच्या अरविंदचा सरळ हेडचा टेपडेक एका दिवसासाठी मागून आणला होता. आधी नक्कल, मग हेडला पेचकस, हा हिरामणचा नेम. घाईत असलं काम करणाऱ्याला तो खाटीक म्हणायचा.

"अन् पट्टी तुटली तं?" यशवंतरावांनी विचारलं.

"तुटू शकते. पण दर हप्त्याला वाजवून ती अशीबी झिजून राहिली. बाई थोडी थोडी जाऊनच राहिली जी."

यशवंतरावांनी उपरण्याची घडी उलगडली. मग त्यांनी कॅसेट पुढे केली.

हिरामणनं स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसलं, पेन्सिल घालून पट्टीचा ढिलेपणा काढला, दोन्ही मशीन वायरीनं जोडली. पंखा बंद केला. कलाबाई गाऊ लागली. मध्येच पट्टी कुरकुरली आणि हिरामणचं बोट बंद करायच्या बटणावर गेलं. पण गाणं पुढे सरकलं. शेवटी नव्या कॅसेटच्या पाठीमागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही बारके तुकडे त्यानं मोडून टाकले, म्हणजे चुकून कुणी त्यावर दुसरं काही भरायला नको.

मग ती यशवंतरावांनी सोबत आणलेल्या टेपवर लावली. आवाज लख्ख आला. टाळी वाजवताना हातातल्या बांगड्यासुद्धा ऐकू आल्या. म्हातारा न लाजता रडला.

"आता घरीच आयकीन," ते डोळे पुसत म्हणाले. "आता इथवर यायचं काम नाई, हिरामणभाऊ. गुडघे बी आता आयकत नाई."

 हे हिरामणच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतके दिवस ते तिरपं हेड आपण नेमकं कशासाठी राखलं, हे त्याला आत्ता कळलं.

"मधूनमधून हेड साफ करा लागते," तो घाईनं म्हणाला. "नाई तं आवाज बसते."

"मंग तुमच्याकडं आना लागन काय?"

हो म्हणता आलं असतं. यशवंतराव आलेही असते, गुडघे ओढत. हिरामणनं एका बाटलीत थोडं स्पिरिट ओतलं, कापसाची पुडी बांधली.

"नाई. तुमची सून करून देईन. बोळा असा फिरवायचा, हलक्या हातानं."

यशवंतराव गेल्यावर त्यानं जुनं हेड काढून नवं बसवलं. सरला आतल्या घरातून बाहेर आली, विकतच्या कॅसेटवरचं एक भजन ऐकत उभी राहिली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

"मस्त येऊन राहिला आवाज!"

"हो," हिरामण म्हणाला. मग त्यानं मशीनसमोरची दुसरी खुर्ची उचलली आणि भिंतीला लावून ठेवली.