दोन सीटची नकली गाडी बोलतेय

मी नकली गाडी बोलतेय. आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं बॉनेट उघडून कुणी ‘अरेच्चा, फसवलं की!’ म्हणायला नको. अंग माझं एकोणीसशे तीसच्या सुमाराच्या विलायती गाडीचं, दोन सीटची, उघड्या टपाची. पोटात मात्र जुन्या फियाटचं इंजिन. लाज म्हणाल तर आता वाटत नाही. पूर्वी वाटली असती, पण ती खाडीत गेली. कशी, ते ऐका.

माझा जन्म ठाण्याच्या कोलशेतचा, खाडीकाठचा. मला बांधणारा दामाजी जातीचा कोळी, कंपनीत सुतारखात्यात कामाला. बापजाद्यांनी होड्या बांधलेल्या, त्यामुळे लाकूड त्याचं ऐकायचं. शहाऐंशी साली त्याने घरामागच्या मांडवात माझा सागवानी सांगाडा उभा केला, आणि जाळी सुकवायची जागा गेली म्हणून त्याच्या बायकोने, मालूने, पहिल्याच दिवशी माझं बारसं करून टाकलं. माझं नाव ठेवलं ‘सवत’.

“अवो, तुमची सवत जेवली का?” नौपाड्याच्या बाजारात मासे विकून आली की टोपली उतरवता उतरवता ती विचारायची. दामाजी हसायचा आणि रंधा मारत राहायचा.

त्याला एकच ध्यास. गाडी त्या विलायती गाडीसारखी नुसती दिसायला नको, अगदी तशीच व्हायला हवी. त्याचे गुरू म्हणजे नौपाड्याचे दाजीसाहेब, निवृत्त इंजिनिअर. जुन्या गाड्यांचे फोटो, मापं, सगळं त्यांच्याकडे. रविवारी रिक्षाने यायचे, खिशातून टेप काढायचे आणि माझ्याभोवती फिरायचे. “दामाजीराव, मडगार्ड किंचित बाहेर आलंय हो.” झालं! दामाजी ते उखडून पुन्हा ठोकायला बसायचा. मला कधी कंटाळा आला नाही, खोटं कशाला बोलू? आपल्यासाठी कुणी एवढं झिजतंय म्हटल्यावर कुणाला आवडणार नाही?

इंजिन आणलं कल्याणच्या कुंडलिकने. हा दामाजीचा दोस्त, मेकॅनिक. भंगारात हुडकून हुडकून त्याने त्याच काळातलं इंजिन आणि गिअरबॉक्स काढला, पण आणतानाच म्हणाला, “दामाजी, कशाला डोक्याला ताप रे? माझ्याकडे ठोकलेली फियाट पडलीय. इंजिन मस्त आहे, ऑइलचे ब्रेक आहेत. टाकू, किल्ली मारली की चालू!”

“फियाट पायजे असती तर फियाटच घेतली नसती का?” दामाजी उखडला. मग तारेने ओढायचे ब्रेक त्याने स्वतः बनवले, जुन्या गाडीला होते तसे.

पण कोळ्याचा हात तो! माझ्या पोटाखाली त्याने पुढून मागपर्यंत सलग फळ्या मारल्या, फटींत कापूस ठासला, वर राळ आणि तेल. पहिल्यांदा मला धुतलं तेव्हा पाणी जाईना. सीटच्या कडेपर्यंत मी टबासारखी भरले, आणि कुंडलिक पोट धरून खाली बसला. “अरे, होडी केलीस होडी! गाडीला खाली भोकं ठेवतात रे!”

“माज्या हातून बांधलेल्याला भोक नाय पडत,” दामाजी म्हणाला, आणि डबा घेऊन पाणी उपसायला लागला.

मग एकदाचा तो दिवस उगवला. सगळा कोळीवाडा जमला. दामाजीने सासूला, कल्याणच्या रंगूबाईंना, केव्हाच सांगून ठेवलं होतं की नातीच्या हळदीला तुमच्या लेकीला माझ्या गाडीतून घेऊन येतो. त्याआधी ही पहिली फेरी. मालू गजरा माळून, ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्यात बसली. खोटं वाटेल, पण मला त्या दिवशी ती आवडली.

बंदराचा उतार लागला. दामाजीने ब्रेक दाबला आणि तार तुटली. गिअर टाकायला गेला, तर गिअर नुसता कर्र करून ओरडला. “बाजूला! बाजूला व्हा!” करत आम्ही सुसाट खाली, आणि भरतीच्या पाण्यात धप्प!

मी बुडाले नाही. आईशपथ, तरंगले! राळ-कापूस कामाला आला. आत मालू दोन्ही हातांनी काच धरून बसलेली, बाजूला दामाजी रिकामंच स्टिअरिंग फिरवतोय, आणि काठावर माणसं हसून हसून लोळताहेत. दामाजीच्या भावाने, काळुरामने, होडी घातली आणि दोर बांधून आम्हाला काठाला आणलं. “दादा, झकास होडी बांधलीस! शीड कवा लावतोस?”

मालू काठावर उतरली. मग लुगड्याचा ओचा पिळत म्हणाली, “अवो, ही तुमाला चालवाची हाय का दाखवाची?”

“तार तुटली गो. जाड तार घालतो.”

“घाला. पन आता मी बाजूला नाय बसनार. मना शिकवा. परत खाडीत जायचं असंल तर माज्या हातानं जाईन.”

“मी हाय ना चालवाला!”

“तवा पन तुमीच होते.”

दामाजी डबा घेऊन माझ्यातलं पाणी उपसायला लागला. माझं पोट सुकल्यावर तिला स्टिअरिंगपाशी बसवलं. तिने क्लचवर पाय दिला. हलेना. दोन्ही पाय दिले, स्टिअरिंगला धरून उभी राहिली, दात-ओठ खाल्ले. ढिम्म! त्या काळचा क्लच तो, रेड्यासारखा अडलेला. मालू खाली उतरली आणि जाताना म्हणाली, “जमंल तवा बोलवा.”

त्यानंतर दामाजी कंपनीतून आला की माझ्यात येऊन बसायचा. इंजिन चालू करायचा नाही, नुसता बसायचा. दोन सीटच्या गाडीत एक सीट रिकामी राहिली की ती फार दिसते हो. शेजारून काळुराम म्हणायचा, मी येतो बसायला. पण दामाजीला तो नको होता. मालूला घेऊन सासुरवाडीच्या दारात जायचं, म्हणून तर ही दुसरी सीट होती. आणि मी? मीही हट्टीच. मनात म्हणायचे, बाई एक नाही बसली तर काय बिघडतं? माझा अस्सलपणा हीच माझी अब्रू. किती मूर्ख होते मी!

एका रविवारी दामाजीने दाजीसाहेबांना सांगितलं, फियाटचं सामान टाकतोय. दाजीसाहेबांनी चष्मा काढला. “मग ही ती गाडी राहणार नाही, दामाजीराव.”

“आमच्या बापानं होडीला मशीन बसवली, साहेब. होडी होडीच राहिली.”

“ती तुमचीच होडी होती. तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवणार. ही दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या काळात केलेल्या कामाची आठवण आहे. ती गाडी अवजड होती, तर ती अवजड होती हेही खरं ठेवायला नको का? नाहीतर राहतं काय, नुसता मुखवटा.”

बरोबरच बोलत होते ते. माझा तर जीव त्यांच्याच बाजूला होता. दामाजीने माझ्या दारावर हात ठेवला.

“दाजीसाहेब,” तो म्हणाला, “आमच्या जुन्या साहेबाकडे होती अशी गाडी. खरी. तवा मी कंपनीत नवीन लागलेलो. रोज सांजच्याला ती अडायची आनि रोज आमी ढकलायचो. साहेब आत, मी मागं. आत कवा बसलो नाय. तुमी आठवन बोलता ना? माजी आठवन ती. आता मना ढकलाची नाय. मालूला घेऊन बसाचं हाय.”

दाजीसाहेब टेप खिशात घालून निघाले. जाताना एवढंच म्हणाले, “आमच्या प्रदर्शनात अस्सल गाड्यांच्या रांगेत मात्र मला ती उभी करता येणार नाही.”

“नका करू,” दामाजी म्हणाला.

मग कुंडलिक आला. मला फाडलं, सरळ सांगते. इंजिन काढलं, जुना गिअरबॉक्स काढला, एवढ्या मायेने ठोकलेल्या फळ्यांना दामाजीने स्वतःच्या हाताने भोकं पाडली. प्रत्येक भोकाला तो थांबायचा. मला फार दुखलं, आणि रागही आला. पण पहिल्याच किल्लीला मी सुरू झाले ना, तेव्हा अंगातून जी शिरशिरी गेली, ती काय सांगू! इतकी वर्षं मी नुसती सजत होते. चालणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

मालू मैदानावर शिकली. शिकली म्हणजे काय, माझे हाल केले! गिअर खरवडले, एका गोलपोस्टला धडकवलं, कुंडलिकला “हां बाय, हां बाय, ब्रेक, ब्रेक!” करून घाम फोडला. पण क्लच तिच्या पायाखाली आता मऊ जायचा. आणि एकदा हातात घेतलेलं ती सोडणारी नव्हतीच.

हळदीच्या दिवशी आम्ही निघालो. कशेळी, भिवंडी, कोन करत कल्याणला. ट्रकवाले भोंगे मारत होते, रिक्षावाले वाकून वाकून पाहत होते. दुर्गाडीच्या पुलाच्या चढावर गर्दी तुंबली. पुढे ट्रक, मागे एसटी, खाली खाडी. दामाजीचा हात आपसूक हँडब्रेककडे गेला.

“हात काढा,” मालू म्हणाली.

“अगो, मागं जाईल!”

“काढा म्हनते ना!”

त्याने काढला. मागे एसटी गुरगुरत होती. मालूने ओठ घट्ट मिटले, एक पाय ब्रेकवर, एक क्लचवर. ट्रक हलला. तिने क्लच सोडत सोडत गॅस दिला. मी थरथरले, पण बोटभरसुद्धा मागे गेले नाही, आणि वर चढले. दामाजीने डोळे मिटलेले ते उघडले. “चढली?” त्याने विचारलं. “मंग काय!” ती म्हणाली.

रंगूबाईंच्या दारात मांडव होता, बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. आम्ही थांबलो आणि गाणं थांबलं. म्हातारी पुढे आली, डोळ्यांवर हात धरून बघायला लागली.

“कुनाची गो गाडी?”

वर्षानुवर्षं हा प्रश्न आला की दामाजी सुरू व्हायचा, कोणत्या साली, कोणत्या मापाने. मालूने त्याच्याकडे पाहिलं. तो गप्प.

“माजी,” मालू म्हणाली.

“तिचीच हाय, आई,” दामाजी म्हणाला, आणि बाजूच्या सीटवरून उतरला. म्हातारीने हळदीचा हात आधी लेकीच्या गालाला लावला, मग माझ्या बॉनेटला.

आता नव्याण्णव साल चालू आहे. कोलशेतला चहूकडे बिल्डिंगी उठताहेत. दामाजी निवृत्त झालाय. मी रोज पहाटे मालूबरोबर नौपाड्याला जाते, मागे पापलेट-बोंबलांच्या टोपल्या. वास येतो माझ्या अंगाला, येऊ दे. मधे एक हौशी गृहस्थ येऊन गेले. म्हणाले, जुनं इंजिन मिळवून देतो, हिला पुन्हा अस्सल करू, मोठमोठ्या प्रदर्शनांत मान मिळेल.

तुमचं प्रेम मला कळतं हो. पण हात जोडून सांगते, माझ्या पोटाला हात लावू नका. नकली म्हणा, सोंग म्हणा, रांगेबाहेर उभी करा. मालूचा पाय क्लचवर पोचतोय तोवर मी धावणार, आणि तिचा थकला की जिचा पोचेल तिच्यासाठी धावणार.