गोजेवाडीच्या विहिरीत चार मीटर पाणी

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी शिवकांताच्या ऑफिसात माणसं तीन प्रकारची होती. जार आला की आधी स्वतःची बाटली भरणारी, दुसऱ्याची भरून देतो म्हणत आपली भरणारी, आणि आपल्याला तहानच लागत नाही असं दाखवून सगळे उठल्यावर पिणारी. मालक गुरुपादप्पा तिसऱ्यातले. शिवकांता पहिल्यातली, आणि तिला त्याची लाज नव्हती.

कंपनी म्हणजे औसा रोडवर दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. काम विहिरींच्या आकड्यांचं. गावोगावचे नोंदणीदार दर आठवड्याला विहिरीत दोर सोडून पाणी मोजत, वहीत लिहीत, आणि वहीची फाइल होऊन इथं येई. त्या फायली वाचून आकडे नीट मांडणारी एक लायब्ररी कंपनीनं केली होती, म्हणजे प्रोग्रामांचा एक गठ्ठा. हा गठ्ठा इतर कचेऱ्याही वापरत. कसा वापरायचा ते सांगणारी पानं वेबसाइटवर होती, आणि ती पानं प्रोग्राममध्येच लिहून ठेवलेल्या टिपांवरून, म्हणजे कॉमेंटवरून, आपोआप तयार होत.

मंगळवारी सकाळी गुरुपादप्पा तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. उभे राहिले म्हणजे काम फुकट जाणारं असतं. महत्त्वाचं असलं की ते खुर्ची ओढतात.

"ताई, शुक्रवारी साहेब लोक यायलेत. आपली पानं बघितली का? अर्धी टिपणं दिसतच न्हाईत, दिसतात ती वाकडीतिकडी. तेवढं सरळ करून टाका."

"कोडमध्ये काही चूक दिसली तर?"

"कोडला बोट लावायचं न्हाई. फक्त कॉमेंट. सोन्यासारखी चालणारी चीज हाय."

अर्धी टिपणं का दिसत नव्हती ते तिला पाच मिनिटांत कळलं. पान बनवणाऱ्या यंत्रणेला टिपेच्या तोंडाशी दोन चांदण्या, म्हणजे ताऱ्यासारख्या खुणा, लागतात. एकच असली तर ती टीप आपल्यासाठी नाही असं समजून ती पुढं जाते. हा गठ्ठा मूळ लिहिणारे साहेबराव कांबळे एकच चांदणी देत. चार वर्षांपूर्वी ते निवृत्त होऊन नांदेडला गेले. माणूस बोलायला चिकट, लिहायला सढळ. चार ओळींच्या कामावर चौदा ओळींची टीप. शिवकांता एकेक चांदणी वाढवत, ओळी एकाखाली एक लावत निघाली. वाचत नव्हती. टिपा सरळ करणारा टिपा वाचत नाही, जसा पत्रिका वाटणारा लग्नाला बसत नाही.

अकरावी टीप मात्र तिनं वाचली, कारण तिच्यात तिच्या वडलांचा शब्द होता.

'वहीत "सदर" लिहिलेलं असेल तर वरच्या ओळीतला आकडा घ्यावा. पण फाइल ज्या क्रमानं नोंदली गेली त्याच क्रमानं असली पाहिजे: एक विहीर, तिचे सगळे आठवडे, मग दुसरी विहीर. क्रम बदलू नये. बदलला तर एकाच्या विहिरीचं पाणी दुसऱ्याच्या विहिरीत दिसेल.'

तिनं टिपेची पहिली ओळ पुन्हा पाहिली. टिपेच्या तोंडाशी एकच चांदणी. म्हणजे चार वर्षांत हे बाहेरच्या कुणाला दिसलेलं नव्हतं. आतल्यांनी तरी कुठं बघितलं होतं?

तिचे वडील संगप्पा मुखेडकडच्या गोजेवाडीचे नोंदणीदार. कोरड्या विहिरीसमोर 'तळ' लिहायचं असा नियम. संगप्पांनी तो शब्द माघात एकदा लिहिला आणि पुढं दर आठवड्याला 'सदर'. ती विचारायला गेली तर म्हणाले होते, "एकदा लिवलं ते लिवलं. ज्या विहिरीच्या पाण्यानं महादेवाला न्हाऊ घातलं, तिच्या तोंडावर दर बुधवारी तेच कामून लिवायचं?" आणि हे एकट्या संगप्पांचं नव्हतं. तिनं आजवर जितक्या वह्या पाहिल्या त्यांतल्या बहुतेक नोंदणीदारांचा हात त्या शब्दाशी दुसऱ्यांदा अडत होता. जुन्या क्रमात त्यानं काही बिघडत नव्हतं. 'सदर'च्या वर मागच्या आठवड्याचा 'तळ' असे.

पण दोन महिन्यांपूर्वी नव्या जिल्ह्याचं निघालं. जिल्हा अजून झालेला नव्हता, होणार का तेही कुणाला ठाऊक नव्हतं; तरी लातूरचे काही आणि नांदेडचे काही तालुके एकत्र धरून सरकारी कचेरीला विहिरींची यादी हवी होती. यादीत एकेका आठवड्याची सगळी गावं एकाखाली एक, बाराखडीनं. ती यादी शिवकांतानंच लावली होती. दोन दिवसांत लावली म्हणून गुरुपादप्पांनी पेढा दिला होता.

तिनं यादी उघडली. गोजेवाडी: ४.२ मीटर. वरची ओळ गुंडूर: ४.२ मीटर. गुंडूर कालव्याकाठचं, नायगावच्या अंगाला. तिथं विहिरीला पाणी असणारच. पुढचा आठवडा: गुंडूर ४.१, गोजेवाडी ४.१. तिनं सगळे 'सदर' मोजले. सदतीस गावं. सदतीस कोरड्या विहिरींत शेजारच्या गावांचं पाणी भरलेलं, तळाशी 'यादी तयार करणार' म्हणून तिचं नाव.

तिनं साहेबरावांना फोन लावला.

"जय भीम, साहेबराव काका. तुमची सदरची टीप."

"दिसली का तुम्हाला?" ते लगेच म्हणाले. जणू चार वर्षं फोनजवळच बसले होते. "कुणी क्रम बदलला?"

"मी."



"दोन चांदण्या लागतात हे मला ठाऊक नव्हतं बाई," साहेबराव म्हणाले. "मला वाटायचं, लिहिलं म्हणजे लोक वाचतात. त्या यादीवरून टँकर ठरतात का?"

"हो."

"मग फोनवर काय बोलत बसलात?"

गुरुपादप्पांनी ऐकून घेतलं. खुर्ची ओढली. मग हळू आवाजात म्हणाले, "टीप नीट झाली ना? झालं तर. शुक्रवार जाऊ द्या. सोमवारी सुधारित यादी म्हणून पाठवू. चूक झाली असा शब्द त्यात नको."

"सोमवारपर्यंत गावं काय पितील?"

"ताई, तुमचे अप्पा सरळ 'तळ' लिहीत असते तर ही वेळ आली असती का? नोंदणीदारांनी शिस्त पाळायची न्हाई, आणि दोष आमच्या चीजेला!"

हे खरं होतं, हेच वाईट होतं. गुरुपादप्पा खोटं क्वचित बोलतात; ते खऱ्यातलं सोयीचं तेवढं उचलतात.

ती जिन्यात गेली आणि वडलांना फोन लावला. मागं बायकांचा गलका होता.

"अप्पा, टँकर येतो का?"

"बंद हाय. आज अकरावा दिवस. त्यो साहेब कागद घिऊन आलता. म्हणला, तुमच्या विहिरीत चार मीटर पाणी हाय, टँकर कशाला? आमी म्हणलं, दगड हाय निस्ता. त्यो म्हणला, कंप्युटरचं हाय."

"मग?"

"मग काय. कागदाखाली तुजं नाव. म्या समद्यास्नी दावलं. माजी लेक खोटं लिवंल का?" आवाजात अभिमान होता, आणि तोच तिला सोसला नाही. "माजाच दोर चुकला आसंल. गाळाखाली पाणी आसंल. आज उतरायलोत आमी. गाळ काढला की लागतंय."

"कोण उतरणार?"

"आधी म्याच. मोजणारा म्याच ना?"

"अप्पा, उतरू नका. तो आकडा गुंडूरचा आहे."

"गुंडूर? गुंडूर कुटं, आपुन कुटं." ते हसले. "आगं, गावापुढं म्या बोलून बसलोय. लिवून दे तसं, मंग बघू." आणि कुणीतरी हाक मारली म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला. त्यानंतर तिनं किती लावला तरी तो नुसता वाजत राहिला.

शिवकांता परत टेबलाशी आली. टिपा जागच्या जागी ठेवल्या, सदरची टीप सगळ्यांना दिसावी म्हणून पानं वेबसाइटवर चढवली. मग कंपनीच्या कागदावर लिहिलं: यादी चुकीची आहे, सदतीस गावांचे आकडे त्या गावांचे नाहीत, क्रम मी बदलला, चूक माझी. खाली सही केली. फोटो काढून टँकर ठरवणाऱ्या कचेरीला पाठवला, गुरुपादप्पांनाही पाठवला, आणि बसस्टँडवर गेली.

अहमदपूरच्या पुढं एसटीत ती आणि सात माणसं. पाचांच्या मांडीवर रिकाम्या घागरी. खिडकीतून शेतं दिसत होती आणि शेतात काही नव्हतं, गुरं नाहीत, माणूस नाही. फक्त विहिरींचे काठ. प्रत्येक काठाशी तिची नजर जाई, दोर लावलाय का बघायला. तीन ठिकाणी दिसला.

वहीत उतरवून घेतलेल्या सदतीस नोंदणीदारांना ती क्रमानं फोन लावत होती. फोन उचलला की ते आधी ख्यालीखुशाली विचारत. एकानं तर सांगितलं, "ताई, आमच्या इथं कागदावर साडेपाच मीटर हाय, तुमची लई मेहेरबानी." बारा जणांना ती सांगू शकली. मग रेंज गेली. गुरुपादप्पांचा एक संदेश तेवढा आत आलेला होता: 'पानं सुंदर दिसतात. चिठ्ठी परत घ्या, अजून कुणी बघितली नाही.'

गोजेवाडीच्या फाट्यावरून ती चालत, मग धावत गेली. दुपारचे चार वाजत होते. विहिरीभोवती सगळं गाव होतं आणि कुणी बोलत नव्हतं. रहाटाचा दोर ताठ खाली गेलेला. दोर धरलेल्या केवळाबाई, संगप्पांच्या थोरल्या बहीण, तिला पाहून हलक्या आवाजात म्हणाल्या, "बोलू नगंस. बोललं की दरड सुटायलीय. दोनदा दगड पडला."

शिवकांता काठावर पालथी झाली. खाली अंधारात एक बॅटरी हलत होती.

"अप्पा!"

"आलीस का?" खालून आवाज आला, घुमत. "बरं झालं. चार मीटर कुटशिक हाय गं? हितं तर चिखलबी न्हाई."

"पाणी नाहीच तिथं. आकडा खोटा आहे. मी चुकले, अप्पा."

"कोण चुकलं?"

सगळं गाव ऐकत होतं. ज्यांनी तिच्या नावाचा कागद हातोहात पाहिला होता ते सगळे.

"मी!" ती ओरडली. वरच्या कडेची माती सुटून खाली गेली, बॅटरी एकदम विझली, आणि केवळाबाईंच्या हातातला दोर ढिला पडला.

मग दोर पुन्हा ताठ झाला. सहा जणांनी ओढला. संगप्पा वर आले ते डोक्यापासून पायापर्यंत कोरड्या मातीनं पांढरे, कपाळावर रक्ताची एक ओळ. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही. केवळाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी एक घोट घेतला आणि तांब्या परत दिला.

"हे आपल्या एकट्याचं हाय का?" त्यांनी विचारलं.

"सदतीस गावं. तुमच्यासकट तेरा जणांना कळलंय."

"लिंबाजीला?"

"कोण लिंबाजी?"

"शिरूर अनंतपाळच्या अंगाचा नोंदणीदार. त्यानं काल फोन केलता." संगप्पा काठावर बसले. "म्हणला, संगप्पा, तुमच्यात बी पाणी हाय म्हणत्यात अन् आमच्यात बी. तुमी उतरणार तर आमी बी उतरतो. म्या म्हणलं, उतरा. कागद माज्या लेकीचा हाय."

तिनं वहीत पाहिलं. लिंबाजीचं नाव पंचविसावं होतं, आणि ती तेराव्यावर थांबली होती. इथं रेंजची एक काडी होती. तिनं नंबर लावला.

तिसऱ्या रिंगला कुणीतरी फोन उचलला. "हॅलो, लिंबाजीकाका?" ती म्हणाली.  फोन कुणाच्या तरी हातात होता आणि तो हात पळत होता. मागं बायका ओरडत होत्या, दोर आणा, दोर आणा.