जांभळीच्या डोहाचा पत्ता

“पण काका, कुठे?” आनंदने माईक पुढे केला, आणि महिपतराव तिथेच फसले.

तोवर सगळं बेताने चाललं होतं. आनंद म्हणजे गल्लीतला केबलवाला. कल्याणच्या बैलबाजारामागच्या चार-पाच चाळींत घरोघर त्याच्याच वायरी. दर शनिवारी संध्याकाळी तो स्वतःच्या चॅनलवर ‘आपली माणसं’ नावाचा कार्यक्रम दाखवायचा. मागच्या आठवड्यात काडेपेट्यांचं देऊळ करणारे एक गृहस्थ झाले होते, या आठवड्यात कुणी मिळेना, म्हणून गळ टाकणारे महिपतराव सुर्वे. खोलीत एक खुर्ची, खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घातलेले महिपतराव, मागे भिंतीवर सरस्वतीबाईंचा फोटो, हाराचं प्लॅस्टिक नुकतंच पुसलेलं. गळ कसा बांधावा, मरळीला आमिष काय लावावं, वाम लागली तर दोरी का कापावी लागते, हे त्यांनी झकास सांगितलं होतं.

आणि मग हा प्रश्न आला.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, “असंच रे, नदीवर.” हसला असता, सुटला असता. पण महिपतरावांची गोष्ट वेगळी. खोपटच्या एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीत त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. ‘कुठे’ म्हटलं की त्या माणसाच्या तोंडून पत्ता पडायचाच, तोही अर्धामुर्धा नाही.

“आंबिवलीला उतरायचं,” ते म्हणाले. “कसाऱ्याकडची गाडी. कर्जतच्या गाडीत बसू नका, लोक हमखास बसतात. सकाळी सहाच्या आत निघा. स्टेशनाबाहेर आलात की नदीकडचा रस्ता धरायचा. वीटभट्टी लागते, ती उजव्या हाताला ठेवायची. पुढे पायवाट, वीस मिनिटं. पाण्यावर ओणवी झालेली जांभूळ दिसली की तोच डोह. वाटेत दुसरी जांभूळ नाही, तेव्हा चुकायचा प्रश्न नाही.”

“वा काका! क्लास!” आनंद म्हणाला आणि कॅमेरा बंद केला.

आपण नको ते बोलून बसलो, हे महिपतरावांच्या तेव्हाच ध्यानात आलं. पण बोलून गेलेला शब्द कुणाच्या बापाला परत आणता आलाय?

खरं तर ‘कुठे’ हा शब्द मासे धरायला निघालेल्या माणसाला विचारायचाच नसतो. कोकणातल्या त्यांच्या गावी तर नाहीच नाही. काठी घेऊन निघालेल्याला कुणी ‘कुठे’ म्हणून टोकलं, की त्या दिवशी गळाला मासा लागत नाही. मग परत फिरायचं, घटकाभर बसायचं, पाणी प्यायचं आणि पुन्हा निघायचं, म्हणजे दोष जातो. हे लहान पोरालाही ठाऊक. सरस्वतीबाईंना तर चांगलंच ठाऊक. तरी ती बाई दर रविवारी, महिपतराव चपला घालून, पिशवी खांद्याला लावून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतात न टाकतात तोच आतून विचारायची, “अहो, कुठे निघालात?”

“झालं! घातलास खोडा!” महिपतराव पिशवी आपटायचे. “हजारदा सांगितलं तुला!”

“अगंबाई, विसरलेच मी. बसा आता, पाणी आणते. चहाही टाकते घोटभर.”

एकोणीस वर्षं ती विसरत होती. एकोणीस वर्षं रविवारी पहाटे तो जास्तीचा अर्धा कप चहा होत होता. ती विसरत नव्हती, हे महिपतरावांना ती गेल्यावर कळलं. मूलबाळ नव्हतं, आठवडाभर खिडकी, रविवारी नदी. त्यातली पाच मिनिटं ती अशी काढून घ्यायची. आणि ते मूर्खासारखे तिच्यावर चिडायचे. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षांत महिपतराव कधीही गेले, कधीही आले, तरी कुणी विचारलं नव्हतं की बाबा रे, कुठे चाललास. खिडकीत दिवसाला शेकडो माणसं विचारायची, पण ती मुरबाडची गाडी कुठे लागते हे विचारायची. माईक पुढे धरून त्यांना कुणीतरी त्यांचं ‘कुठे’ विचारलं, आणि माणूस विरघळला. एवढंच झालं.

डोह त्यांचा नव्हताच. तो दामाजीने दाखवलेला. दामाजी म्हणजे काळू नदीच्या काठचा कोळी. फार वर्षांमागे माशांची पाटी घेऊन तो खोपटला अडकला होता. वासापायी उतारू त्याला गाडीत चढू देईनात. महिपतराव खिडकी सोडून बाहेर आले, कंडक्टरला चार गोड शब्द बोलले आणि पाटी मागच्या बाजूला चढवली. जाताना दामाजी म्हणाला, “रविवारी ये भाऊ आंबिवलीस. पन कुनास बोलू नको.” तेवढी एकच अट. मग बारा वर्षं दोघं त्या जांभळीखाली दोन दगडांवर बसले. बोलणं जेमतेम, पण सोबत भक्कम. खाण्यापुरतं घ्यायचं आणि अंड्यावरची मासळी सोडून द्यायची, हा दामाजीचा कायदा. दोन वर्षांपूर्वी दामाजी गेला. त्याची बायको जनाबाई पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायला शिकली आणि डोहावर एकटीने उभी राहिली. तिथली मासळी तिची पाटी भरायची आणि त्या पाटीवर तिचं घर चालायचं. रविवारी महिपतराव दिसले की ती म्हणायची, “आलास भाऊ?” कुठून, कुठे, हे नाही. कोळीण ती, हे ती विचारणार नाही.

शनिवारी कार्यक्रम लागला. रविवारी सकाळी परत लागला. लोकांना आवडला म्हणून बुधवारीही लागला. गल्लीत ज्याला त्याला महिपतराव माहीत झाले. “काका, बघितलं तुम्हाला टीव्हीवर!” दूधवाला म्हणाला, वाणी म्हणाला. खोपटच्या खिडकीत तर डोंबिवलीचा एक माणूस गल्लीतल्या मेहुण्याकडे कार्यक्रम बघून मुद्दाम आला, “ते वीटभट्टीनंतर डावीकडे की सरळ?” महिपतरावांनी त्याला जुन्या फॉर्मच्या पाठीवर नकाशा काढून दिला. खोटं कशाला बोला, त्यांना फार आवडलं हे सगळं. मनात म्हणाले, नदी काय कुणाच्या सातबाऱ्यावर आहे? मलाही कुणी सांगितलंच ना? चांगली जागा चार जणांना कळली तर बिघडलं कुठे?

पुढच्या रविवारी डोहावर अकरा माणसं आली. महिपतरावांनी बरोबर शेव-चिवडा नेला होता. कुणाला गाठ मारून दिली, कुणाची अडकलेली दोरी सोडवली. कल्याणचा एक शिक्षक, शहाडच्या कारखान्यातले दोघे, सगळी भली माणसं. दुपारी घरी आल्यावर त्यांनी सरस्वतीबाईंच्या फोटोला सांगितलं, “अगं, आज काय मजा आली!”

त्याच्या पुढच्या रविवारी तीस माणसं होती. मग आणखी. चैत्रात तर स्कूटरी थेट पायवाटेने यायला लागल्या. टेपरेकॉर्डर आले, बाटल्या आल्या, जांभळीची खालची फांदी कुणीतरी चुलीसाठी तोडली. एका सकाळी महिपतराव पोचले तर त्यांच्या दगडावर गॉगल घातलेला एक तरुण बसलेला.

“ही माझी नेहमीची जागा आहे,” महिपतराव म्हणाले.

“ओ काका, जागा काय नावावर आहे का? टीव्हीवर दाखवलीये ही जागा. तिकडे सरका जरा, खाली लै जागा आहे.”

“टीव्हीवर मीच...” महिपतराव बोलायला गेले, पण तोवर त्याने पाठ केली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ते दामाजीच्या रिकाम्या दगडाशेजारी उभे राहिले. त्यावर बसायचा धीर होईना.

त्याच दिवशी वरच्या अंगाला कुणीतरी पाण्यात सुरुंगाचा बार उडवला. आधी धप्प आवाज झाला, मग पाणी फुगून वर आलं. घटकाभरात डोहावर पांढरी पोटं तरंगायला लागली. मोठी मासळी हसत-ओरडत पिशव्यांत गेली. बोटाएवढी पिल्लं तशीच राहिली, काठाला लागत, दगडांच्या फटींत अडकत. ती कोण उचलणार?

जनाबाई पाग खांद्यावर टाकून आली ती हे बघूनच थांबली. ओरडेल, शिव्या देईल, असं महिपतरावांना वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती गुडघ्यावर बसली, ओंजळभर पिल्लं उचलून बघितली आणि परत पाण्यात सोडली. ती तशीच तरंगली.

“कशापायी सांगलास रं भाऊ?” तिने विचारलं.

“मला विचारलं गं त्या केबलवाल्याने,” महिपतराव म्हणाले. “आणि नदी सगळ्यांची असते जनाबाई. दामाजीने मला सांगितलंच होतं की.”

“दामाजीनं तुला सांगला, तो तुजा तोंड बगून सांगला. तू बगलास का कुनाचा तोंड?”

महिपतरावांना तोंड दिसलंच नव्हतं. समोर कॅमेऱ्याची काच होती, त्या काचेला त्यांनी सांगितलं होतं.

ते तडक आनंदकडे गेले. “पुन्हा घे मला. सांगतो, तिथे जाऊ नका म्हणून.”

“काका, तुम्ही जाऊ नका म्हणालात की बाकीचे पण जातील,” आनंद म्हणाला. पोरगा वाईट नव्हता. त्याने आपण होऊन तीन दिवस पडद्याच्या तळाला पट्टी फिरवली, ‘आंबिवलीच्या डोहात बार उडवू नये.’ त्यामुळे ज्यांना डोह माहीत नव्हता त्यांनाही झाला.

पावसाळा आला, गेला. खिडकीत अजून एखादा यायचा, “ते माशांचं ठिकाण सांगणारे तुम्हीच ना?” महिपतराव मान हलवून सांगायचे, “तिथे आता काही नाही.” सव्वीस वर्षांत त्यांनी खिडकीतून चुकीची माहिती दिली नव्हती. तीही चुकीची नव्हती, याचंच त्यांना वाईट वाटायचं. लोकांनी दोन-तीन रविवार पाण्यात नुसतेच गळ टाकले, कंटाळले आणि दुसरीकडे गेले. कुठे गेले, कुणी सांगितलं नाही. असल्या गोष्टी लोक सांगत नाहीत.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी महिपतरावांनी काठी पुसली, पिशवी घेतली आणि निघाले. उंबऱ्यावर सवयीने क्षणभर थांबले. आतून कुणी काही म्हणालं नाही.

आंबिवलीला उतरून ते नदीच्या वाटेला लागले. भट्टी नुकतीच सुरू झाली होती. कच्च्या विटांच्या रांगा उन्हाला लावलेल्या, पाच-सहा बाया डोक्यावर विटा वाहत होत्या. महिपतरावांनी भट्टी उजव्या हाताला ठेवली आणि खाली मान घालून पुढे जाऊ लागले. त्यातल्या एका बाईने डोक्यावरच्या विटा उतरवल्या, पदराने तोंड पुसलं आणि त्यांच्याकडे बघितलं. जनाबाई होती. पाटी गेली, पाग गेला, लुगड्यावर लाल माती.

निदान ‘आलास भाऊ’ म्हणेल, या आशेने महिपतराव उभे राहिले. तिने त्यांच्या खांद्यावरची काठी बघितली, पिशवी बघितली.

“कुठं चाललास, भाऊ?” तिने विचारलं.

सगळा जन्म नदीवर गेलेली ती कोळीण. काठी घेतलेल्या माणसाला तिने हे कधीच विचारलं नसतं, डोहात एक मासा जरी उरला असता तरी. महिपतरावांना ते कळलं. ज्या माणसाने अख्ख्या ठाणे जिल्ह्याला वाटा सांगितल्या, त्याला उत्तर सुचेना.

“कुठे नाही गं,” ते शेवटी म्हणाले.

जनाबाईने विटांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. “बस. पानी पी.”

महिपतरावांनी काठी खाली ठेवली आणि बसले. तिने मडक्यातून ॲल्युमिनियमच्या तांब्यात पाणी काढून दिलं. मुकादम लांबून हाक मारत होता. तिने हाताने थांब म्हणून खुणावलं आणि तिथेच उभी राहिली. महिपतरावांनी तांब्या दोन्ही हातांत धरला. तहान नव्हती. ते पाणी त्यांनी सावकाश, घोट घोट करून प्यायलं.